वाचक विचारतात : फुल्टनचं भाषण, देशांचे गट आणि शांतता

राम राम मंडळी. गेल्या अंकात महायुद्ध संपल्यानंतरच्या मोठ्या भाषणांवर लेख होता, त्यात महायुद्धातले ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या फुल्टनच्या भाषणाला जेमतेम एक परिच्छेद मिळाला, आणि सगळी पत्रं, सगळे मेसेज आले ते त्या एका परिच्छेदावरच. म्हणून या वेळचं पान पूर्ण त्यालाच दिलंय. ज्यांना तो अंक मिळाला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, ५ मार्च १९४६ ला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात फुल्टन नावाच्या लहानशा गावी, वेस्टमिन्स्टर कॉलेजच्या जिमच्या हॉलमध्ये चर्चिल बोलले, स्टेजवर खुद्द प्रेसिडेंट ट्रुमन बसलेले होते, आणि बाल्टिक समुद्रावरच्या स्टेटिनपासून एड्रियाटिकवरच्या ट्रिएस्टपर्यंत युरोपात पोलादी पडदा पडलाय, म्हणजे पूर्वेकडचे देश रशियाच्या ताब्यात जाऊन बाकीच्या युरोपापासून तुटलेत, हे प्रसिद्ध वाक्य याच भाषणातलं. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गावं देतोय.

सर, मी धुळ्याला एम.ए. करतेय. चर्चिल तर १९४५ ची निवडणूक हरले होते, मग विरोधी पक्षनेत्याच्या भाषणाला एवढं वजन का? आणि एवढ्या आडगावच्या कॉलेजात ते गेले कशाला?

ताई, कॉलेजच्या प्राचार्यांनी निमंत्रणाचं पत्र पाठवलं, अशी पत्रं चर्चिलना ढिगानं यायची, पण या पत्राच्या खाली ट्रुमननी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहून दिल्या होत्या, की हे माझ्या राज्यातलं फार छान कॉलेज आहे, तुम्हाला जमलं तर या, ओळख मी स्वतः करून देईन. अमेरिकेचा प्रेसिडेंट शेजारी उभा राहून ओळख करून देणार म्हटल्यावर गाव लहान की मोठं याला काही अर्थ राहत नाही, सगळ्या जगाचे पत्रकार येणारच. वॉशिंग्टनहून दोघं स्पेशल ट्रेननं गेले, वाटेत पत्ते खेळले, ट्रुमननी ट्रेनमध्येच भाषणाची कॉपी वाचली आणि चांगलं आहे पण खळबळ उडेल असं सांगितलं, आणि खरंच खळबळ उडाल्यावर प्रेससमोर आपल्याला आधी काही माहीत नव्हतं असं म्हणून मोकळे झाले. चर्चिलनीही भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की माझ्याकडे कुठलंही अधिकृत काम नाही, मी फक्त माझ्या वतीनं बोलतोय. त्यातच सोय होती, सरकारला जे उघड बोलता येत नव्हतं ते खुर्ची नसलेल्या माणसानं बोलून टाकलं आणि लोक काय म्हणतात याचा अंदाज दोन्ही सरकारांना घेता आला. माझ्या मते वजन आलं ते यामुळे.

भाऊ, चर्चिलनं ऐकीसन स्टालिननी काय जवाब दिना? तो चूप थोडाच बसना व्हई! (साक्री)

नाही बसला. आठवडा-दहा दिवसांत, १४ मार्चला प्रावदा या रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या पेपरात त्याची मुलाखत छापून आली आणि त्यात त्यानं चर्चिलची तुलना थेट हिटलरशी केली. त्याचं म्हणणं असं की हिटलर जर्मन वंश श्रेष्ठ म्हणत होता, हे इंग्रजी बोलणारे देश श्रेष्ठ म्हणतायत, आणि ज्या शेजाऱ्यांच्या जमिनीवरून जर्मन आमच्यावर चालून आले तिथे आम्हाला मित्र सरकारं हवी असतील तर त्यात चूक काय. पण एक गोष्ट लोक विसरतात, की त्याच भाषणात चर्चिलनी रशियन जनतेचं आणि युद्धातला सोबती म्हणून स्टालिनचं कौतुक पण केलं होतं, आणि रशियाला युद्ध हवंय असं मला वाटत नाही, त्यांना युद्धाची फळं हवीत आणि आपल्या सत्तेचा विस्तार हवाय, असं म्हटलं होतं. म्हणजे युद्ध पुकारा असं भाषण ते नव्हतंच.

मी चोपड्याचा निवृत्त शिक्षक. युनो, म्हणजे संयुक्त राष्ट्र संघटना, तर १९४५ लाच स्थापन झाली होती. सगळ्या जगाची एक संस्था असताना ब्रिटन-अमेरिकेच्या खास दोस्तीची भाषा करणं म्हणजे युनोलाच सुरुंग लावणं नाही का? आपलं मत स्पष्ट सांगावं.

सर, नेमका हाच आक्षेप तेव्हा अमेरिकेत पण घेतला गेला, नंतर चर्चिल न्यूयॉर्कला गेले तर हॉटेलबाहेर लोक युनोच्या बाजूनं घोषणा देत उभे होते. पण पूर्ण भाषण वाचलं की दिसतं की त्यातला बराच मोठा भाग युनोबद्दलच आहे. ते म्हणतात ही संस्था खरी असली पाहिजे, नुसता देखावा नको, काम करणारी पाहिजे, नुसता शब्दांचा फेस नको. आणि ते असं बोलून थांबले नाहीत, एक ठोस योजना मांडली जी आज कुणालाच आठवत नाही. प्रत्येक देशानं आपल्या विमानदलाच्या काही स्क्वाड्रन युनोच्या हाती द्यायच्या, वैमानिकांचं ट्रेनिंग आपापल्या देशात, युनिफॉर्म आपापल्या देशाचा पण बिल्ला वेगळा, या तुकड्या आळीपाळीनं एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहतील, आणि स्वतःच्या देशाविरुद्ध लढायची सक्ती कुणावर नसेल, बाकी हुकूम युनोचा. पहिल्या महायुद्धानंतरच आपल्याला हे व्हायला हवं होतं असंही ते म्हणाले. मला विचाराल तर पूर्ण भाषणातला सगळ्यात धाडसी विचार हाच आहे आणि तो झाला असता तर युनोचा आजचा चेहरा वेगळा दिसला असता. मात्र अणुबॉम्बची माहिती युनोला द्यायला त्यांचा साफ विरोध होता, संस्था अजून बाळ आहे, ती माहिती अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाकडेच राहू दे असं त्यांचं म्हणणं, तेव्हा विश्वास किती होता तेही लक्षात घ्या.

आता खास दोस्तीचं. गावात ग्रामपंचायत असते तशी भावकी पण असते, आणि भावकी आहे म्हणून कुणी ग्रामपंचायत बंद करा म्हणत नाही, पण भावकीनं ठरवून दुसऱ्या आळीचा रस्ता अडवला की मग भांडण. चर्चिलचा युक्तिवाद पहिल्या अर्ध्यापर्यंतचा होता. कुणावर हल्ला करायचा हेतू नसेल आणि युनोच्या सनदेत बसत असेल तर दोन-चार देशांचं खास नातं नुकसान तर करत नाहीच, उलट ते गरजेचं आहे, असं ते म्हणतात आणि उदाहरणं देतात, इंग्लंडची पोर्तुगालशी १३८४ पासूनची मैत्री, अमेरिका-कॅनडाचा संरक्षण करार, आणि हे खास वाचा, ब्रिटनचा खुद्द रशियाशी झालेला वीस वर्षांचा करार, तो पन्नास वर्षांचा केला तरी आपली हरकत नाही असंही म्हणतात. कायद्यानं ते चुकीचे नव्हते, युनोच्या सनदेत कलम ५१ मध्ये एकट्यानं किंवा मिळून स्वतःचं रक्षण करायचा हक्क दिलाय आणि ५२ मध्ये प्रादेशिक व्यवस्थेला जागा ठेवलीय. तीन वर्षांनी ४ एप्रिल १९४९ ला अमेरिका-ब्रिटनसह बारा देशांनी नाटोचा, म्हणजे एकमेकांच्या संरक्षणाचा, करार केला तेव्हा त्याच्या पाचव्या कलमात याच ५१ चा आधार घेतला.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, सुरुंग करारांनी लागला नाही, तो व्हेटोनं लागला. सुरक्षा परिषदेतल्या पाच बड्यांपैकी एकानं जरी नाही म्हटलं तर संस्था हलू शकत नाही, मग ज्याला भीती वाटते तो देश दुसरीकडे आधार शोधणारच ना. १९५० मध्ये कोरियात युनोचं सैन्य उतरू शकलं त्याचं कारणही हेच की रशियानं तेव्हा परिषदेवर बहिष्कार टाकलेला होता, व्हेटो द्यायला माणूसच हजर नव्हता. चर्चिलना ही अडचण दिसली होती आणि त्यांनी पळवाट सुचवली, पण पळवाटेचाच पुढे हायवे झाला.

मी केळीवाला शेतकरी, रावेर तालुका. तुमच्या लेखात त्या माणसाचं कौतुक वाचून राग आला. ज्यानं आपल्याला स्वातंत्र्य देऊ नका म्हणून आयुष्यभर जोर लावला त्याचं स्वातंत्र्यावरचं भाषण आपण कशाला वाचायचं?

नाना, तुमचा राग रास्त आहे आणि तो मी कमी करणार नाही. उलट तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलातल्या आपल्या पोरांनी बंड केलं, त्याला तीन आठवडे पण झाले नव्हते तेव्हा चर्चिल फुल्टनला जगाच्या स्वातंत्र्यावर बोलत होते. त्याच मार्चच्या २४ तारखेला सत्तांतराची बोलणी करायला कॅबिनेट मिशन दिल्लीत आलं, म्हणजे ब्रिटनमधलं ॲटलींचं नवं सरकार जायच्या तयारीला लागलं होतं आणि विरोधी पक्षातून त्याला विरोध करणारे हेच. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांवर हिंदी सैनिक लढले, तरी १९४१ मध्ये चर्चिल आणि अमेरिकेचे प्रेसिडेंट रूझवेल्ट यांचं अटलांटिक चार्टर निघालं, प्रत्येक देशाच्या लोकांना आपलं सरकार निवडायचा हक्क आहे असं त्यात लिहिलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पार्लमेंटमध्ये चर्चिलनी सांगून टाकलं की हे नाझींच्या ताब्यातल्या देशांसाठी आहे, हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा. १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान तेच होते.

फुल्टनच्या भाषणात त्यांनी वॉर्सा, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड, बुखारेस्ट, सोफिया अशी आठ शहरांची नावं घेतली, एकेक नाव घेऊन सांगितलं की इथले लोक दुसऱ्याच्या ताब्यात गेलेत. खरं होतं ते, प्रत्येक नावामागं माणसं होती आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यातल्या बहुतेक शहरांनी ते भोगलं. पण दिल्ली, रंगून, नैरोबी ही नावं त्या यादीत बसतात हे त्या माणसाला सुचलं नाही, आणि ताकद मोजताना तर ते इंग्रजी बोलणाऱ्या कॉमनवेल्थची लोकसंख्या अमेरिकेच्या लोकसंख्येत मिळवून मोजतात, म्हणजे आपण त्यांच्या हिशोबातच नव्हतो.

तरी वाचा असं मी म्हणतो, आणि तुम्ही शेतकरी आहात म्हणून जास्त म्हणतो. त्या भाषणात युद्ध आणि जुलूम ही दोन मोठी संकटं सांगून झाल्यावर ते तिसऱ्या गोष्टीकडे येतात, भुकेकडे. एका जुन्या आयरिश-अमेरिकन वक्त्याचे शब्द सांगतात, की सगळ्यांना पुरेल एवढं आहे, धरती उदार आई आहे, तिची माती न्यायानं आणि शांततेनं कसली तर ती सगळ्या लेकरांना पोटभर देईल. हे शब्द बंगालच्या दुष्काळानंतर तीन वर्षांनी त्या तोंडून निघालेत हे माहीत असून मी वाचतो, आणि तरी ते शब्द मला खरे वाटतात. बोलणाऱ्यानं पाळले नाहीत म्हणून ते सोडून द्यायचे का? मला तसं वाटत नाही, उलट आपण ते त्याच्यासमोर धरायचे.

आम्ही भुसावळचे चार-पाच जण स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. एका ओळीत सांगा, गटांमुळे शांतता टिकते की युद्ध वाढतात? नाटो आपण पाठ केलंय पण हे कळत नाही.

एका ओळीत नाही सांगता येणार मित्रांनो, परीक्षेत सुद्धा एका ओळीत लिहू नका.

युरोपापुरतं बघितलं तर चर्चिल बऱ्यापैकी बरोबर ठरले. रशियाला ताकदीइतकं कौतुक कशाचंच नाही आणि लष्करी दुबळेपणाइतकी तुच्छता कशाचीच नाही असं ते म्हणाले होते. १९४८ ला बर्लिनची नाकेबंदी झाली, मग नाटो आली, १९५५ ला समोरून वॉर्सा करार आला, दोन्हीकडे अणुबॉम्ब, आणि या दोन गटांमध्ये युरोपात समोरासमोर युद्ध झालं नाही. नाटोचं पाचवं कलम, म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर, ते आजवर एकदाच वापरलं गेलं, सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. आणि आजही भीती वाटली की देश तिकडेच जातात, इतकी वर्षं बाहेर राहिलेला फिनलंड २०२३ ला आणि स्वीडन २०२४ ला नाटोत गेला, युक्रेनचं बघून.

पण युरोपात जे युद्ध झालं नाही ते आशिया-आफ्रिकेत झालं, कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान. आणि आपल्या दाराशी काय झालं ते नीट समजून घ्या कारण ते पुस्तकात दोन ओळींत उरकतात. पाकिस्तान १९५४ ला सीटो या आग्नेय आशियाच्या लष्करी करारात आणि १९५५ ला पश्चिम आशियातल्या बगदाद करारात गेला, दोन्ही करार कागदावर कम्युनिझम रोखायला होते. अमेरिकेनं शस्त्रं द्यायला सुरुवात केली तेव्हा प्रेसिडेंट आयझेनहॉवरनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं होतं की ही शस्त्रं दुसऱ्यावर आक्रमणासाठी वापरली गेली तर आम्ही ते रोखायला पावलं उचलू. मग १९६० मध्ये रशियावर हेरगिरी करायला निघालेलं अमेरिकेचं यू-टू विमान पेशावरहून उडालं आणि रशियानं पाडलं, म्हणजे भांडण दोन महासत्तांचं पण जोखीम पेशावरच्या लोकांची. आणि १९६५ च्या सप्टेंबरात अमेरिकन पॅटन रणगाडे आले ते पंजाबात खेमकरणला. असल उत्तरच्या शेतांमध्ये अब्दुल हमीद जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन घेऊन त्या रणगाड्यांना भिडले आणि तिथेच शहीद झाले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. मॉस्कोला रोखायला दिलेलं पोलाद आपल्या उसाच्या शेतात येऊन उभं राहिलं. गट करताना शत्रू एक लिहिलेला असतो आणि बंदूक वळते दुसरीकडे, हा धोका फुल्टनच्या भाषणात कुठंच नाही.

आता दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे लिहा. आपण अलिप्त होतो म्हणजे गप्प होतो असं नाही, कोरियात आपलं वैद्यकीय पथक गेलं, युद्धकैद्यांच्या अदलाबदलीचा जो तटस्थ देशांचा आयोग होता त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या होते, दोन्ही गटांना चालेल असा माणूस फक्त गटाबाहेरचाच देऊ शकतो. पण १९६२ ला चीननं हल्ला केला तेव्हा चीनशीच केलेल्या पंचशील कराराचा कागद कामी आला नाही आणि आपल्याला अमेरिका-ब्रिटनकडे मदत मागावी लागली. आणि ९ ऑगस्ट १९७१ ला आपण स्वतः सोव्हिएत युनियनशी वीस वर्षांचा करार केला, त्याच्या नवव्या कलमात हल्ल्याची भीती निर्माण झाली तर लगेच सल्लामसलत करायची असं होतं. त्या डिसेंबरात बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं आणि सुरक्षा परिषदेत आपल्या बाजूनं व्हेटो पडला तो रशियाचा, तेव्हा तो करार किती मोलाचा होता ते सगळ्यांना दिसलं. मघाशी व्हेटोला मी सुरुंग म्हटलं, आणि तोच व्हेटो त्या वेळी आपल्याला तारून गेला, हे दोन्ही खरं आहे.

म्हणून मी गट चांगला की वाईट असं विचारत नाही, तीन गोष्टी तपासतो, करार उघड आहे का, कुणावर रोख आहे ते लिहिलंय का, आणि दिलेली शस्त्रं कुठं वळतील यावर कुणाचा ताबा आहे. तुम्ही पण हेच प्रश्न विचारून क्वाड, ब्रिक्स सगळं तपासा, नुसती स्थापना वर्षं पाठ करू नका.

मी फैजपूरचा. आमच्या गावाला काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं ते सगळ्यांना माहितीये, पण त्यात परदेशाबद्दल कुणी बोललं होतं का, की फक्त शेतसाऱ्याचंच?

बोललं होतं, आणि भरपूर. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, सगळी रचना नंदलाल बोस यांची, धनाजी नाना चौधरींसारखे आपले कार्यकर्ते राबलेले, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्याच अधिवेशनातला हे खरं, पण नेहरूंच्या अध्यक्षीय भाषणात स्पेनचं यादवी युद्ध होतं, इटलीनं गिळलेलं ॲबिसिनिया, म्हणजे आजचं इथिओपिया, होतं, फॅसिझम आणि साम्राज्यशाही ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत असा मुद्दा होता. विचार करा, महायुद्ध सुरू व्हायला अजून पावणेतीन वर्षं बाकी होती आणि यावल-रावेरकडची खेड्यातली माणसं थंडीत मांडवात बसून माद्रिदबद्दल ऐकत होती. चर्चिल फुल्टनला म्हणाले की हे महायुद्ध वेळेवर पावलं उचलली असती तर टाळायला सगळ्यात सोपं होतं, आणि हिटलरबद्दल ते आधीपासून सांगत होते हे खरंच आहे, पण इशारा देणारे ते एकटे नव्हते, एक इशारा तुमच्या गावातून पण गेला होता.

आणि त्याच नेहरूंचं पुढचं एक भाषण फुल्टनच्या शेजारी ठेवून वाचा असं मी सगळ्यांनाच सांगेन. हंगामी सरकार आल्यावर ७ सप्टेंबर १९४६ ला, म्हणजे फुल्टननंतर सहा महिन्यांनी, ते रेडिओवर बोलले. एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटांच्या सत्तेच्या राजकारणापासून शक्य तेवढं लांब राहायचं, याच गटांनी आधी महायुद्धं घडवलीत, असं ते म्हणाले, आणि पुढे असं की शांतता आणि स्वातंत्र्य तोडून वेगळं करता येत नाही, कुठंही स्वातंत्र्य नाकारलं तर त्याचा धोका बाकीच्या स्वातंत्र्याला होतो आणि शेवटी युद्ध होतं. चर्चिलना युरोपापुरतं जे दिसलं ते इथं सगळ्या जगाला लावलंय. मला हे वाक्य फुल्टनच्या कुठल्याही वाक्यापेक्षा मोठं वाटतं.

अमळनेरहून, शाळेत शिकवते. वक्तृत्व स्पर्धेसाठी आठवी-नववीच्या मुलांना यातलं काय देता येईल? पूर्ण भाषण फार मोठं आहे.

ताई, पोलादी पडद्याचा भाग देऊ नका, तो सगळेच म्हणतात आणि आठ शहरांची नावं घेता घेता मुलं अडखळतात. युनोचा भाग द्या, विमानांच्या तुकड्यांचा, त्यात मुलांना चित्र डोळ्यासमोर येतं, आणि धरती उदार आई आहे तो भुकेचा भाग द्या. एका मुलाला चर्चिल आणि दुसऱ्याला नेहरूंचं ७ सप्टेंबरचं भाषण असं दिलं तर आणखी चांगलं, एकामागून एक म्हणू द्या. इंग्रजीत पूर्ण भाषण आणि त्याचं रेकॉर्डिंग नेटवर फुकट मिळतं, आवाज ऐकवा मुलांना, ते किती सावकाश बोलतात आणि कुठे थांबतात ते ऐकून शिकण्यासारखं आहे. वेळ उरला तर हे पण सांगा की मे १९९२ मध्ये त्याच कॉलेजात मिखाईल गोर्बाचेव्ह येऊन बोलून गेले, आणि चर्चिलच्या नातीनं बर्लिनच्या भिंतीच्या आठ तुकड्यांतून माणसांच्या आकाराच्या आरपार खिडक्या कापून केलेलं शिल्प तिथं उभं आहे, त्याचा फोटो प्रिंट काढून वर्गात लावता येईल. मराठीत उतारे तयार करून हवे असतील तर कळवा, पुढच्या अंकापर्यंत दोन्ही करून पाठवतो.